देवराईचे पाठभेद

मराठीत ‘बेट’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी हा भूगोलाच्या पुस्तकातला अर्थ. दुसरा शेतकऱ्याच्या तोंडचा: बांबूचे बेट, कळकाचे बेट, म्हणजे मोकळ्या रानात एकाच जागी दाटीने वाढलेला पुंजका. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन्ही अर्थ आहेत. अनेकार्थी शब्दाचे सोपे उदाहरण म्हणून आम्ही हा शब्द वर्गात कित्येक वर्षे वापरला. एका दुपारी स्टाफरूममध्ये त्यावर बोलणे चालले असता वनस्पतिशास्त्राचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “पण हे दोन अर्थ नाहीतच. आमच्या शास्त्रात हा एकच अर्थ आहे.” ते विनोद करीत आहेत असे आम्हांला वाटले. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांची भाषाविषयक मते मराठी विभागात जितक्या गांभीर्याने घेतली जातात, तितक्याच गांभीर्याने आम्ही ते घेतले आणि चहा संपवून तासाला गेलो.

त्या वाक्याचा अर्थ कळायला आम्हांला जवळजवळ पंधरा वर्षे लागली, आणि दरम्यान आमच्या हातून जे घडले ते आज लिहून काढायचे आहे.

येथे ‘आम्ही’ हे आदरार्थी बहुवचन नव्हे. पुण्याच्या पश्चिमेकडील एका महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही दोघे आहोत. विभाग एक आणि घरही एक. एम. ए.ला असताना लोकसाहित्य हा आम्हां दोघांचाही आवडता विषय होता. त्यामुळे २००६ साली द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन क्षेत्रकार्य करायचे ठरले, तेव्हा मुळशी तालुक्याचीच निवड झाली. पौड सोडले, धरणाचे पाणी उजव्या हाताला घेतले आणि ताम्हिणीच्या वाटेवर एका फाट्याला उतरून तासभर चाललो. गावाचे नाव लिहीत नाही. ज्यांना त्या भागाची माहिती आहे त्यांना अशी चार-पाच गावे सहज आठवतील.

गावाच्या वर, बोडक्या उतारावर, दीड-दोन एकरांची राई होती. भोवती नाचणी-वरईची उतरती शेते आणि वाळलेले गवत. आणि मध्येच एकदम काळोख. आत शिरताच उन्हाळ्याच्या त्या दुपारी अंगावर गारवा आला. जांभूळ, आंबा, बेहडा, अंजनी, पिसा ही नावे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हती. सगळी ‘मोठी झाडे’ एवढेच दिसत होते. मांडीएवढ्या जाडीचा, अजगरासारखे वेटोळे घालीत वर गेलेला एक वेल मात्र कोणालाही दिसलाच असता. त्याला मीटरभर लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. “ही गारंबी,” असे गुरवाने सांगताच आमचे विद्यार्थी हसले. मराठीच्या विद्यार्थ्याला गारंबी म्हटले की १९५२ सालची श्री. ना. पेंडशांची कादंबरी आठवते. या नावाचा एक वेल असतो हे त्यांना त्या दिवशी कळले. खरे सांगायचे तर आम्हांलाही.

राईच्या मधोमध देवी: शेंदराने माखलेला तांदळा, पुढे दोन-चार दगडी वीर, मोडक्या घंटा. डोक्यावर छप्पर नव्हते. ते का नाही, याची कथा आम्हांला एका आजींनी सांगितली. कॅसेटवर ती आजही आहे. पूर्वी कोण्या पाटलाने नवस फेडायचा म्हणून देवीवर चार खांब उभारून कौले घातली. त्या रात्री सोसाट्याचा वारा सुटला, सकाळी कौलांचा चुरा रानभर पडलेला. पाटील अंथरुणाला खिळला. तिसऱ्या रात्री देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, “माझा कौल घेतल्याबिगर माझ्यावर कौलं घातलीस व्हय? मला आभाळ हाय. माझी झाडं हायती. तुझं छप्पर तुझ्या डोसक्यावर घे.” तेव्हापासून राईतली काटकीही कोणी घरी नेत नाही. चुलीसाठी नव्हे, तिरडीसाठीही नव्हे.

‘कौल’ आणि ‘कौलं’ यांवरचा तो श्लेष ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे कसे पाहिले, ते भाषेच्या शिक्षकांना सांगायला नको. २००८ च्या एका चर्चासत्रात आम्ही या कथेवर निबंध वाचला. देवतेचे अनिकेत असणे, छप्पर म्हणजे सत्तेचे प्रतीक, पाटील आणि देवी यांच्यातला संघर्ष, लोकभाषेतला श्लेष. सगळे त्यात होते. टाळ्या पडल्या. निबंध एका नियतकालिकात छापूनही आला. आता तो वाचताना एक गोष्ट खटकते. बारा पानांच्या त्या निबंधात एकाही झाडाचे नाव नाही.

त्याच्या पुढल्या वर्षी वनस्पतिशास्त्राचे ते सहकारी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या राईत गेले. आमच्याकडूनच त्यांनी वाट विचारून घेतली होती. परत आले ते झाडांची यादी घेऊन. आमची बारा पाने आणि त्यांची यादी एकाच जागेविषयी होती, पण एकमेकांपुढे ठेवली तर कोणालाही ती एका जागेची वाटली नसती. बेटाचा अर्थ त्यांनी आम्हांला नीट समजावून सांगितला तो तेव्हा.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांवरच्या जीवसृष्टीविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला विचार वरवर पाहता सोपा आहे. एखाद्या बेटावर जीवजाती किती राहतील, ते नव्याने येणाऱ्या जाती आणि नष्ट होणाऱ्या जाती यांच्या तोलावर ठरते. बेट मुख्य भूमीपासून जितके दूर, तितके येणारे कमी. बेट जितके लहान, तितक्या तेथल्या प्रत्येक जातीच्या माना कमी, आणि म्हणून एखाद्या वाईट पावसाळ्यात, एखाद्या वणव्यात ती संपण्याची शक्यता अधिक. बेटाचे क्षेत्र दहापट घटले तर जाती साधारण निम्म्या उरतात, असा एक ठोकताळाही आहे. आणि बेटाभोवती पाणीच असायला हवे असे नाही. जंगलातल्या जीवाला नाचणीचे शेत, बोडका माळ, डांबरी रस्ता हे सगळे समुद्रच. शेतकऱ्याने बांबूच्या पुंजक्याला बेट म्हटले तेव्हा त्याने उपमा दिली नव्हती, हेच सहकाऱ्यांना म्हणायचे होते. मुळशीच्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीने राया दाखवल्या तेव्हा खरोखरच एक द्वीपसमूह दिसू लागला. लहान लहान ठिपके, आणि मध्ये पसरलेला कोरडा समुद्र.

या समुद्राचा एक भाग मात्र खऱ्या पाण्याचा आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले. मुळा खोऱ्याचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळले, आणि बावन्न गावांच्या जमिनींची हकिकत तेवढी उरली. साधारण त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवल्यावर, एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहून त्याचे बेट झाले. बारो कोलोराडो हे त्याचे नाव. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले, आणि पुढे स्मिथ्सोनियन संस्थेचे उष्ण कटिबंधातले एक मोठे अभ्यासकेंद्र झाले. तेथे कुऱ्हाड चालली नाही. तरीही पुढल्या दशकांत पक्ष्यांच्या कित्येक जाती त्या बेटावरून नाहीशा झाल्या. कोणी मारले नाही. केवळ बेट झाल्यामुळे. या तपशिलाने आम्ही अस्वस्थ झालो. राई राखली म्हणजे राई राहते, असे आम्ही गृहीत धरले होते.

देवरायांकडे शास्त्राची नजर वळवणारे संशोधन पुण्यातच सुरू झाले, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. माधव गाडगीळ हार्वर्डहून १९७१ साली परतले आणि काही काळ महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी सह्याद्रीतल्या राया आणि राहाट्या पायांखाली घातल्या. १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याआधी, १९६२ साली, दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये पुण्याच्या परिसरातल्या रानदेवतांची ठाणी पायी फिरून नोंदवली होती. कोसंबी आम्ही वाचले होते, गाडगीळ-वर्तक वाचले नव्हते. ग्रंथालयात ती कपाटे वेगळ्या मजल्यावर आहेत, एवढेच त्याचे कारण.

श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची काळकाईची राहाटी ही त्या संशोधनातली एक हकिकत. राहाटी तोडली जाणार असे दिसताच गावकऱ्यांनीच या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. गावचा झरा त्या झाडीवर जगतो, हे त्यांना शास्त्राशिवाय ठाऊक होते. त्याच राहाटीत गारंबीचा एकुलता एक वेल होता, आणि गुरांना साप चावला की त्याची साल न्यायला दुरून माणसे येत असत. एकुलता एक वेल, ही बेटाच्या शास्त्राची सगळ्यांत नेमकी व्याख्या आहे असे आम्हांला वाटते. आमच्या राईतही एकच होता.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या नोंदणीत महाराष्ट्रातल्या देवरायांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. संख्या मोठी आहे, बेटे मात्र लहान. अभ्यासकांत यावर एक वाद सत्तरच्या दशकात रंगला होता: जीवसृष्टी राखायची तर एकच मोठे अरण्य राखावे की अनेक लहान? (महाकाव्य श्रेष्ठ की मुक्तक, या आपल्या वादाची येथे आठवण होते, आणि तो वादही असाच निकालाविना संपला.) ताम्हिणी परिसरात सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचे अभयारण्य २०१३ साली घोषित झाले. ते मोठे बेट. पण धनेशाने एका जंगलात फळ खाऊन दुसऱ्या जंगलात बी टाकायचे, तर मध्ये उतरायला जागा हवी. शेकरू तर जमिनीवर उतरायलाच नाखूश. त्यांच्यासाठी मधल्या दीड-दोन एकरांच्या राया म्हणजे समुद्रातले टेकू आहेत. एक गेली की दोन उरलेल्यांमधले अंतर दुप्पट होते. हे गणित कळायला विज्ञान शाखा लागत नाही.

खऱ्या समुद्रातल्या बेटांचेही उदाहरण आपल्याकडे आहे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांचा समूह ‘वेंगुर्ला रॉक्स’ या नावाने पक्षिशास्त्रात प्रसिद्ध आहे. ह्यूम १८७५ साली तेथे गेला होता. तेथील गुहांमध्ये लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या घरट्यांचे सूप करतात, म्हणून पूर्वेकडच्या देशांत त्यांना मोठी किंमत येते. घरट्यांची ही चोरी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या आरंभी उघडकीस आणली आणि संरक्षणाचे काम हाती घेतले. त्या बेटांना निदान पावसाळ्याचे चार महिने खवळलेला समुद्र राखतो. मुळशीच्या बेटाला कोण राखते? कुंपण नाही, पहारेकरी नाही, सातबाऱ्यावर भलतीच नोंद. त्याच्याभोवती राखणीला होती ती एक गोष्ट. आजींनी सांगितलेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. येथवर जे लिहिले ते थोडेफार पुढे ढकलण्यासाठीच लिहिले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

२०१४ साली आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. क्षेत्रकार्याच्या वेळी ज्याच्या ओटीवर आम्ही मुक्काम केला, तो त्याच गावचा. आता पुण्यात नोकरीला होता. हातात पावतीपुस्तक होते: देवस्थान जीर्णोद्धार समिती. गावातल्या काहींनी फार्महाऊससाठी जमिनी विकल्या होत्या, मुंबईला असलेल्या मंडळींनी हात सैल सोडला होता, देवीसाठी काहीतरी करायचे गावाने ठरवले होते. मुलगा मोठा गुणी. आमच्याच वर्गात शिकून पहिल्यांदा पदवीधर झालेला. त्याच्या घरचे नाचणीचे भाकर-पिठले आम्ही खाल्ले होते. आम्ही पाच हजार एक रुपये दिले. पावतीवर दोघांची नावे घातली. तो पाया पडला आणि गेला.

ज्या देवीला कधी देऊळच नव्हते तिच्या देवळाचा जीर्णोद्धार कसला, हा साधा प्रश्न भाषेच्या दोन प्राध्यापकांच्या मनात आला नाही. छप्पर न खपणाऱ्या देवीवर बारा पाने लिहिलेल्या दोघांच्या मनात आला नाही. त्यावर बरेच खुलासे आम्ही स्वतःला देऊन पाहिले आहेत. घाई होती. विद्यार्थ्याचे मन मोडवेना. ‘देऊळ’ म्हणजे चार फरश्या बसवतील, असे वाटले. खरे कारण यांपैकी एकही नाही. ती कथा आमच्या लेखी एक संहिता होती. तिच्यात काही सांगितलेले आहे, ते कोणाला तरी सांगितलेले आहे आणि त्या कोणात आपणही येतो, असे आम्हांला कधी वाटलेच नाही.

त्यानंतर जाणे लांबत गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात, साथीची दोन वर्षे सरल्यावर, सहकाऱ्यांनी आपली २००९ ची यादी पुन्हा पडताळून पाहायचे ठरवले. ते निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना गाडीने घेऊन गेलो. तासभर चालावे लागले नाही, कारण गाडी थेट देवळापाशी गेली. खडी-सिमेंट वाहणाऱ्या गाड्यांसाठी जी वाट काढली होती, तीच पुढे रस्ता झाली होती. राईच्या मधोमध आरसीसीचे देऊळ, गुलाबी-पिवळ्या रंगाचे, पुढे सभामंडप, त्यापुढे पेव्हर ब्लॉकचे अंगण. पाच-सहा मोठी झाडे राखली होती. त्यांच्या बुंध्यांभोवती फरशीचे पार बांधले होते. बाकी जमीन आरशासारखी झाडून काढलेली. पालापाचोळा नाही, ओल नाही, एक रोपटे नाही. मागच्या उतारावर पाव एकराएवढी झाडी शिल्लक होती, पण उजेड आता आरपार दिसत होता. ज्या झाडावर गारंबी चढली होती, ते सभामंडपाच्या जागी येत होते.

सहकारी यादी घेऊन फिरले. एकेका नावापुढे फुली करीत ते मागच्या उतारावर गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. आम्ही देवळात गेलो. तांदळ्यावर आता चांदीचा मुखवटा होता. डाव्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी होती. तिसऱ्या ओळीत आमची नावे, ‘प्रा.’ आणि ‘प्रा. सौ.’ या उपाध्यांसह. दोन्ही नावांचे शुद्धलेखन बिनचूक होते. विद्यार्थी आमचाच ना.

आजी भेटल्या. ऐंशीच्या पुढे गेल्या असतील, पण आवाज तोच. आम्हांला ओळखले, चहा ठेवायला सांगितला. नंतर विचारले, “बघितलं का आईचं देऊळ?” आम्ही म्हणालो, पाहिले. मग आपण होऊन त्यांनी गोष्ट सांगितली. आई गुरवाच्या स्वप्नात आली. म्हणाली, “लई वरसं भिजले. माझ्या लेकरांनी सोताला घरं बांधली, मला ऱ्हायला घर न्हाय.” मग गुरवाने कौल लावला, आईने उजवा दिला, आणि गावाने काम काढले.

न राहवून आम्ही म्हणालो, “आजी, पण तुम्हीच सांगितलं होतंत, आईला छप्पर चालत नाही म्हणून. पाटलाची कौलं उडाली.”

“तवा चालत नव्हतं,” आजी म्हणाल्या, “आता चालतंय. माणसांस्नी चाललं न्हाय का? आदी गवताचं, मंग कौलाचं, मंग पत्र्याचं. तुमच्या घराला काय हाय वं, सर?”

आमच्या घराला स्लॅब आहे. चौथा मजला, बाल्कनीतून डोंगर दिसतो, आणि सदनिका घेताना त्या दृश्याचे वेगळे पैसे मोजले आहेत. तो डोंगर अर्धा कापूनच आमची इमारत उभी राहिली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघे एका गोष्टीवरून भांडलो. लोककथेला मूळ पाठ नसतो, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. रामानुजनांचा ‘तीनशे रामायणे’ हा निबंध वाचून दाखवतो. प्रत्येक कथन तितकेच खरे, संहिता प्रवाही असते, सांगणारा बदलला की कथा बदलते आणि तिचे जिवंतपण त्यातच आहे. या न्यायाने आजींची २०२२ ची कथा २००६ च्या कथेइतकीच अस्सल आहे. किंबहुना रचना म्हणून ती अधिक हृद्य आहे: पाटलाला दटावणारी देवी आता लेकरांकडे घर मागते. एकाचे म्हणणे असे, की मग तक्रार कसली? परंपरेने आपला पाठ बदलला, तो बदलण्याचा अधिकार परंपरेचाच आहे. कॅसेटमधली गोष्ट खरी आणि तोंडातली खोटी, असे म्हणणारे आपण कोण? दुसरीचे म्हणणे, पाठभेदांची ही समता वर्गात ठीक आहे. तेथे दोन्ही पाठ एकाच पानावर राहू शकतात. डोंगरावर एका पाठात गारंबी आहे आणि दुसऱ्यात नाही. तेथे दोन्ही एकदम राहू शकत नाहीत.

मागच्या आसनावर बसलेले सहकारी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक प्रयोग सांगितला. विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी सिंबरलॉफ यांनी १९६६-६७ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची खारफुटीची काही चिमुकली बेटे निवडली. त्यांवर तंबू टाकून विषारी धूर सोडला आणि किडा-कोळी काही शिल्लक ठेवले नाही. मग पुन्हा कोण येते ते मोजत बसले. वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या पूर्वीइतकी झाली. सिद्धान्त खरा ठरला. “फक्त,” ते म्हणाले, “आलेल्या जाती पुष्कळशा वेगळ्या होत्या. संख्या तीच, मंडळी दुसरी. संख्येने पाहणाऱ्याला काही बदल दिसला नसता.” आणि थोडे थांबून: “तुमच्या गोष्टीचेही तसेच झाले आहे. देवी आहे, स्वप्न आहे, कौल आहे. सगळे जागच्या जागी आहे.”

विज्ञानवाल्यांच्या भाषाविषयक मतांकडे आम्ही आता तितकेसे दुर्लक्ष करीत नाही.

या सगळ्यात खलनायक शोधायचा मोह होतो, पण तो सापडत नाही. समितीतली माणसे भाविक होती. विद्यार्थी तर आपल्या गावाला विसरला नाही म्हणून कौतुकास पात्र. मावळातल्याच आजिवलीच्या वाघजाईच्या देवराईत भेरली माडांचे बन उभे आहे. तेव्हा देवी आणि देऊळ असले की राई जातेच असेही नाही. आमचे दुखणे निराळे आहे. गाव त्या गोष्टीचे पाठ बदलत होते त्या आठ वर्षांत जुन्या पाठाची एकमेव ध्वनिफीत आमच्या कपाटात होती. ती गावात नेऊन ऐकवावी असे आम्हांला सुचले नाही. ऐकवली असती तर देऊळ थांबले असते, असे नव्हे. कदाचित मंडप वीस हात अलीकडे झाला असता. क्षेत्रकार्य म्हणजे घेऊन येणे, असेच आम्ही शिकलो आणि तसेच शिकवले.

घेऊन आलेली आणखी एक वस्तू घरात होती. २००६ साली राईत गारंबीची एक शेंग पडलेली सापडली होती, तिच्यातल्या तीन बिया. काटकीही न्यायची नाही हा नियम आजींकडून ऐकल्यानंतर तासाभरात उचललेल्या. चकत्यांसारख्या, तपकिरी, गुळगुळीत. एक आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर ठेवायला होती. या बिया पाण्यावर तरंगतात. या कुळातल्या वेलींच्या बिया नद्यांतून समुद्रात जातात, महिनोन्‌महिने वाहत राहतात आणि दूरदूरच्या बेटांच्या वाळूत येऊन लागतात. हे कळल्यावर तिच्याखाली उत्तरपत्रिका ठेवणे बरे वाटेना. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून तिन्ही बियांचे कवच कानशीने एका जागी घासले, रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्या आणि पावसाच्या तोंडावर महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात लावल्या. दोन कुजल्या. एक, सतरा वर्षांनी, उगवली.

वेलाला चढायला मोठे झाड लागते. आमच्या आवारात आहेत ती अशोकाची रांग आणि शोभेचे माड. तेव्हा पुढल्या जूनमध्ये कुंडी गाडीत घालून आम्ही पुन्हा गावी गेलो. पदवीच्या वर्गातली चार मुले बरोबर होती, आणि ध्वनिफीत मोबाइलवर उतरवून घेतली होती. देवळाच्या ओसरीवर बसून आजींनी आपलाच जुना आवाज ऐकला. मध्येच एकदा हसल्या. कौलांचा चुरा झाला तेथे मान हलवली. संपल्यावर एवढेच म्हणाल्या, “पैल्यांदा बरं सांगत हुते की मी.” मुलांनी दोन्ही कथा वहीत उतरवून घेतल्या. गुरवाला आम्ही कुंडी दाखवली आणि मागच्या उतारावर, उरलेल्या बेहड्याच्या बुंध्याशी हे लावू का, असे विचारले. लावू नका असे तो म्हणाला नाही. मुखवटा उतरवला, तांदळ्याच्या ओल्या अंगाला दोन कळ्या चिकटवल्या, आणि आम्ही सगळे वाट पाहत उभे राहिलो. स्लॅबवर पाऊस वाजत होता. बऱ्याच वेळाने उजवी कळी पडली.

“उजवा दिला आईनं,” गुरव म्हणाला. मग कुंडीकडे, आमच्याकडे आणि बाहेरच्या पेव्हर ब्लॉककडे पाहून म्हणाला, “पर कुठं लावायचं ते न्हाय सांगितलं.”